वीस वर्षं दाण्याची वाट

माझी भाची विलिंग्डन कॉलेजला बी.एस्सी. करते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं एक इंग्रजी पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, “मामा, पन्नास पानं वाचली. जिथं बघावं तिथं क्रिस्टल. तुमचा जन्म त्यातच गेलाय. तुम्हीच वाचा आणि मला सांगा काय ते.”

पुस्तक होतं व्यंकटरामन रामकृष्णन यांचं ‘जीन मशीन’, 2018 साली आलेलं. 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांत वाटून मिळालं, त्यांतले हे एक. पेशीतल्या रायबोसोम नावाच्या यंत्राची रचना कशी सापडली, त्याची ही त्यांची आठवण.

मी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होतो. क्रिस्टल हा शब्द आम्ही रजिस्टरमध्ये लिहायचो, साखर जिथं शिजते त्या पॅनवर सगळे ‘दाणा’च म्हणायचे. दाणा पडला का, दाणा बारीक आहे, दाणा फुटला. पुस्तक संपवलं तेव्हा माझ्या डोक्यात तोच शब्द राहिला. पुस्तकातली निम्मी माणसं दाणा पडायची वाट बघत बसलेली आहेत आणि उरलेली निम्मी दुसऱ्याचा दाणा आधी पडेल म्हणून काळजीत आहेत. भाचीला जे सांगितलं, तेच इथं जरा सावकाश लिहितो.

आधी रायबोसोम म्हणजे काय ते बघू. शाळेत आपण डीएनए शिकतो. त्यात शरीर बांधायची सगळी कृती लिहिलेली असते. पण कृतीचं पुस्तक शेल्फावर ठेवून पुरणपोळी होत नाही, कुणीतरी ती वाचून हातानं करावी लागते. आपल्या शरीरात जे काही प्रत्यक्ष काम करतं, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन, अन्न पचवणारे रस, स्नायू, ती जवळपास सगळी प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. कुठला मणी कुठल्यानंतर ओवायचा, हे डीएनएत लिहिलेलं असतं. ती ओवणी करणारं यंत्र म्हणजे रायबोसोम.

ते इतकं लहान असतं की जिवाणूतली चाळीसेक हजार रायबोसोम ओळीनं मांडली तर कुठं एक मिलिमीटर भरेल. आणि तरी रेणूंच्या जगात ते अवाढव्य आहे, कारण एकात काही लाख अणू असतात. साखरेच्या रेणूत किती? पंचेचाळीस. हा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

काम कसं चालतं? डीएनएच्या एका मजकुराची नक्कल निघते, तिला मेसेंजर आरएनए म्हणतात. त्या नकलेत चारच अक्षरं असतात आणि ती तीन-तीनच्या गटानं वाचायची. चार अक्षरांचे तीन-तीनचे गट चौसष्ट होतात. त्यांतले एकसष्ट कुठल्या ना कुठल्या मण्याचे आणि तीन म्हणजे ‘इथं थांबा’. कुठला गट कुठल्या मण्याचा, हे कोडं सोडवणाऱ्यांत आपले हरगोविंद खोराना होते, त्यांना 1968 चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

पण अक्षरं वाचून मणी आणून देतो कोण? मार्केट यार्डातला हमाल डोळ्यापुढं आणा. हळदीचं पोतं पाठीवर आणि हातात चिठ्ठी. पेशीत असे हमाल असतात, त्यांना ट्रान्सफर आरएनए म्हणतात. एका टोकाला तीन अक्षरांची चिठ्ठी, दुसऱ्या टोकाला तिच्या जोडीचा मणी. रायबोसोमचे दोन भाग असतात, एक लहान, एक मोठा. लहान भाग चिठ्ठी तपासतो. मोठा भाग पोतं उतरवून घेतो, म्हणजे नवा मणी माळेला जोडतो. मग नक्कल तीन अक्षरं पुढं सरकते आणि पुढचा हमाल येतो. जिवाणूत हे सेकंदाला पंधरा-वीस वेळा होतं. चूक होते काही हजारांत एकदा. आमच्या वजनकाट्यावर असा हिशोब असता तर शेतकऱ्यांनी काट्याला हार घातला असता.

हे सगळं 1960 च्या दशकापर्यंत कळलं होतं. जॉर्ज पलाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रायबोसोमचे ठिपके त्याआधीच, 1950 च्या दशकात दिसले होते. मग राहिलं काय होतं? यंत्र काय करतं ते माहीत होतं, कसं करतं ते नव्हतं. बंद शटरच्या मागे गिरणी चालल्याचा आवाज येतो, पीठही बाहेर येतं, पण आतलं जातं कसं आहे ते कुणी बघितलेलं नाही, तसं. आणि ते बघायला चाळीस वर्षं लागली.

का लागली? साध्या उजेडात ते दिसणारच नव्हतं. उजेडाच्या लाटेची लांबी अणूंमधल्या अंतराच्या काही हजार पट असते. उसाच्या वजनकाट्यावर मोहरीचा दाणा ठेवण्यासारखं ते आहे. अणूंमधलं अंतर मोजायचं माप म्हणजे अँग्स्ट्रॉम, एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. तेवढ्या बारीक लाटा क्ष-किरणांच्या असतात. पण एकाच रेणूवर क्ष-किरण सोडले तर परतून येणारं इतकं क्षीण असतं की हाती काही लागत नाही, आणि रेणूही जळून जातो. उपाय एकच. एकसारखे अब्जावधी रेणू एकाच दिशेला तोंड करून रांगांत उभे करायचे, म्हणजे सगळ्यांचं मिळून ऐकू येतं. दिंडीत एका टाळाचा आवाज चार पावलांवर विरतो, पण शंभर टाळ एका ठेक्यात पडले की पलीकडच्या गल्लीत कळतं. रेणूंची अशी शिस्तीतली दिंडी म्हणजेच स्फटिक. म्हणजेच दाणा.

इथं मला थोडं कारखान्यात जाऊ द्या.

उसाचा रस आटवून त्याची सिरप होते आणि ती पॅनमध्ये येते. पॅन म्हणजे दोन मजले उंच हंडा, आतली हवा ओढून घेतलेली, त्यामुळे रस कमी तापमानावर उकळतो आणि करपत नाही. सिरप दाट होत जाते. एका टप्प्याला तिच्यात मावेल त्यापेक्षा जास्त साखर विरघळलेली असते. त्या क्षणी दाणा धरायचा. आधी पडला तर विरघळून जातो. उशीर झाला तर नको तिथं नको तितका बारीक दाणा पडतो आणि सगळा पॅन बिघडतो. आमचे तात्या पॅनमन होते. दाबाचा काटा बघायचे, तापमान बघायचे आणि शेवटी प्रूफ स्टिकनं थेंबभर पाक काढून अंगठा आणि बोटात तार ओढून बघायचे. मग स्लरी सोडायची, म्हणजे स्पिरिटात घोटलेली अगदी बारीक साखर. तेच बी. थोड्या वेळानं काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन दिव्यासमोर धरायचा. आधी नुसता पिवळट चिकट थेंब दिसतो. मग त्यात काहीतरी चमकल्यासारखं वाटतं, पण खात्री नसते. मग पुढच्या थेंबात ते असतंच. मी शिकलेला केमिस्ट, पण तो चमकारा तात्यांना माझ्याआधी दिसायचा.

एका हंगामात मिल तीन दिवस बंद पडली आणि तोडलेला ऊस यार्डात वाळत पडला. शिळ्या उसात एक जिवाणू साखरेचं डेक्स्ट्रान करून टाकतो. ते प्रमाणानं नगण्य असतं, पण दाण्याच्या ठराविक बाजूंना चिकटतं आणि त्या बाजूंची वाढ थांबते. चौकोनी दाण्याऐवजी सुईसारखा लांबट दाणा पडला आणि सेंट्रिफ्युगलमधून, म्हणजे दाण्यापासून मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्रातून, मळी सुटेना. दोन दिवस सगळ्यांनी एकमेकांवर आवाज चढवला. लॅबला शिव्या बसल्या त्या वेगळ्याच. सांगायचं एवढंच की पंचेचाळीस अणूंचा साधा रेणू, तो किलोनं नाही तर टनानं आपल्यापुढं, आणि तरी जरा काही भेसळ झाली की दाणा बिघडतो. आता काही लाख अणूंचा, लवचिक, वेड्यावाकड्या आकाराचा रेणू घ्या, तोही मिलिग्रॅममध्ये, आणि म्हणा की नीट रांगेत उभा राहा. 1970 च्या दशकात बहुतेक तज्ज्ञांचं मत होतं की रायबोसोमचा दाणा पडणं शक्य नाही.

ते खोटं पाडलं आदा योनाथ यांनी. इस्रायलच्या या बाई बर्लिनमध्ये हाइन्झ-गुंटर विटमन यांच्याबरोबर काम करत होत्या. सायकलवरून पडून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा त्यांच्या वाचनात आलं की हिवाळाभर झोपणाऱ्या अस्वलांच्या पेशींत रायबोसोम व्यवस्थित रचून ठेवलेली असतात. निसर्गात जर ती रांगेत बसतात, तर आपल्यालाही बसवता येतील, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी उष्ण जागेत राहणारा जिवाणू निवडला, कारण उष्णता सोसणाऱ्याची यंत्रंही दणकट असणार. 1980 साली पहिला दाणा पडला. वाईट होता, त्यातून चित्र मिळत नव्हतं, पण पडला होता. पुढं त्यांनी मृत समुद्रातला मीठ सोसणारा जीव घेतला. क्ष-किरणांत दाणा काही क्षणांत खराब व्हायचा, तर तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवून धरायची पद्धत त्यांनी यात आणली. 1991 पर्यंत त्यांच्याकडे मोठ्या भागाचा उत्तम दाणा होता.

आणि तरी चित्र यायला आणखी नऊ वर्षं गेली. भाची इथंच अडकली होती. दाणा आहे, क्ष-किरण आहेत, मग अडलं कुठं?

अडलं ते ‘फेज’मध्ये. हे सांगलीकराला समजावायला मला वेळ लागला नाही.

पावसाळ्यात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी बघतो. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं. आता पुलावर पाणी किती चढणार, हे नुसतं कुठल्या धरणातून किती सोडलं यावर ठरतं का? नाही. कऱ्हाडला कोयना येऊन कृष्णेला मिळते. कोयनेचा लोंढा आणि कृष्णेचा लोंढा एकाच वेळी कऱ्हाडात आले तर सांगलीची झोप उडते. तेच दोन लोंढे पुढंमागं आले तर पाणी तेवढंच असूनही आपण निवांत असतो. खाली हरिपूरला वारणेचा फुगवटा लोंढ्याच्या वेळीच असला तर मग बघायलाच नको. म्हणजे लोंढा किती मोठा, ही अर्धी माहिती. तो कधी येतो, ही उरलेली अर्धी.

दाण्यावर क्ष-किरण सोडले की पडद्यावर हजारो ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक लाट. ठिपका किती ठळक आहे त्यावरून लाट किती उंच ते कळतं. पण लाटेचा माथा केव्हा आला, ते ठिपक्यात उमटतच नाही. डोळ्यातलं किंवा कॅमेऱ्यातलं भिंग उजेडाच्या लाटा एकत्र आणून चित्र बनवतं, म्हणून आपल्याला ही अडचण कधी येत नाही. क्ष-किरणांनी अणू दाखवेल असं भिंगच नाही. ते गणितानं करावं लागतं आणि गणिताला ‘किती’ आणि ‘कधी’ दोन्ही लागतं. ‘कधी’ हरवलेलं असतं. त्या हरवलेल्या ‘कधी’लाच फेज म्हणतात.

मग ते परत मिळवायचं कसं? समजा, पाटबंधारेवाल्यांनी मला सांगितलं की अमुक वाजता कोयनेतून अमुक इतकं जादा पाणी सोडलंय. ते पाणी मला पूर्ण माहीत आहे. आता पुलावरची पातळी आधी किती होती आणि या जादा पाण्यानंतर किती झाली, हे ताडून बघितलं तर आधीचा लोंढा केव्हा येत होता याचा अंदाज बांधता येतो. माथ्यावर माथा पडला असेल तर पातळी एकदम चढेल, नाहीतर फारशी हलणार नाही. दाण्यात हेच काम जड अणू करतात. पारा, टंगस्टन, ऑस्मियम अशा धातूंचे अणू रेणूत ठराविक जागी बसवायचे. जड अणू क्ष-किरण जोरात परतवतात. त्यांच्या जागा शोधल्या की त्यांची लाट आपल्याला पूर्ण माहीत झाली. मग अणू बसवण्याआधीचे आणि नंतरचे ठिपके ताडून बघायचे. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये 1953 साली पारा वापरून हिमोग्लोबिनसाठी ही युक्ती दाखवली होती.

रायबोसोमला मात्र पाऱ्याचा एक अणू म्हणजे पुरात ओतलेली घागर. पातळी हलणार कशी? म्हणून 18 टंगस्टन अणूंचा गठ्ठाच्या गठ्ठा वापरला गेला. दुरून, अंधुक बघताना तो गठ्ठा एकाच प्रचंड अणूसारखा वागतो. आधी त्याच्या मदतीनं ढोबळ चित्र काढायचं, मग त्या ढोबळ चित्राच्या आधारानं सुट्या अणूंच्या जागा शोधायच्या आणि चित्र बारीक करत न्यायचं. येल विद्यापीठात टॉम स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटानं मोठ्या भागासाठी हे केलं. मृत समुद्रातल्या जीवाचा दाणा पाडण्याची मूळ वाट योनाथ यांची, चित्र आधी पुरं केलं येलवाल्यांनी. यात काय काय ठिणग्या उडाल्या असतील, ते आमच्याकडच्या बांधावरच्या भांडणांवरून ओळखा.

रामकृष्णन या गोष्टीत जरा उशिरा येतात, आणि आडवाटेनं. जन्म चिदंबरमचा, 1952 चा, पण वाढले बडोद्यात. आईवडील दोघेही शास्त्रज्ञ. सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठातून 1971 ला भौतिकशास्त्रात बी.एस्सी., मग अमेरिकेत त्याच विषयात पीएच.डी. आणि ती झाल्यावर लक्षात आलं की आपल्याला यात रस नाही. मग गडी सॅन दिएगोत पुन्हा जीवशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. पुढं येलला रायबोसोमवर काम केलं आणि तिथून प्राध्यापकाच्या नोकरीसाठी अर्जांवर अर्ज केले, पन्नासेक ठिकाणी. कुणी घेतलं नाही. ही पानं मी भाचीला दोनदा वाचायला लावली. तिच्या आईला वाटतं, पोरीनं एकदा घेतलेली लाईन बदलू नये.

स्फटिकांचं शास्त्र ते चाळिशीच्या उंबऱ्यावर शिकले, रजा काढून, केंब्रिजच्या प्रयोगशाळेत. 1999 मध्ये पगार कमी घेऊन कायमचे तिथंच गेले. त्यांनी धरला रायबोसोमचा लहान भाग, चिठ्ठी तपासणारा. जिवाणू गरम झऱ्यातला, थर्मस थर्मोफिलस. त्याचा दाणा रशियातल्या पुश्चिनोच्या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकातच पाडला होता, पण तो चांगला नव्हता. इथं मला आमचा शिळा ऊस आठवला. लहान भागाला चिकटणारं एक प्रथिन काही रेणूंवर असायचं, काहींवर नसायचं. रेणू सगळे एकसारखे नसतील तर दिंडी शिस्तीत चालणार कशी? रामकृष्णन यांच्या गटानं ते प्रथिन आधीच काढून टाकलं आणि दाणा सुधारला. डेक्स्ट्रान काढून टाकायचा असा सोपा उपाय आम्हाला मिळाला असता तर, असो.

ऑगस्ट 1999 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात येलच्या आणि रामकृष्णन यांच्या, दोन्ही गटांची पाच-साडेपाच अँग्स्ट्रॉमची चित्रं आली. एवढ्यात हात दिसतो, बोटं दिसत नाहीत. बोटं दिसायला तीनच्या आसपास यावं लागतं. त्यासाठी जोरदार क्ष-किरण हवेत, आणि ते सिंक्रोट्रॉन नावाच्या मोठ्या वर्तुळाकार यंत्रात मिळतात. अशी यंत्रं मोजकी, त्यामुळे वेळ वाटून मिळतो. म्हैसाळ-ताकारीच्या पाण्याची पाळी जशी रात्री-अपरात्री येते आणि आली की सगळं घर शिवारात, तसं हे. आवर्तन चुकलं तर पुढचं कधी मिळेल सांगता येत नाही. शिकागोजवळच्या अरगॉनला नेलेले गोठवलेले दाणे, झोपेविना काढलेले दिवस, आणि डोक्यात सतत ‘योनाथ कुठवर पोचल्या असतील’. पुस्तक इथं जे धावतं ते थांबत नाही. ऑगस्ट 2000 मध्ये येलचा मोठा भाग छापून आला. सप्टेंबरमध्ये लहान भाग, रामकृष्णन यांचाही आणि योनाथ यांचाही.

आणि शटर उघडल्यावर आत काय दिसलं?

मोठ्या भागात, जिथं मणी माळेला जोडला जातो त्या जागेच्या जवळपास एकही प्रथिन नव्हतं. सगळं आरएनए. म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचं नेमकं जोडणीचं काम प्रथिन करतच नाही. हॅरी नोलर यांनी 1992 मध्येच बहुतेक प्रथिनं काढून टाकलेल्या रायबोसोमवर प्रयोग करून हे सुचवलं होतं, आता डोळ्यांना दिसलं. यानं एक जुना गुंता सुटायला मदत झाली. प्रथिन बनवायला प्रथिनांचं यंत्र लागत असेल, तर पहिलं यंत्र कुणी बनवलं? कोंबडी आधी की अंडं, तोच प्रश्न. यंत्राचा गाभा आरएनएचा असेल तर सुरुवात आरएनएनं झाली असणार, प्रथिनं मागाहून आली.

लहान भागातली गंमत मला जास्त आवडली. चिठ्ठी बरोबर आहे हे यंत्राला कळतं कसं? खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली सौदा होतो ना, तसं. व्यापारी बोलत नाही, रुमालाखाली हात घालून समोरच्याची बोटं चाचपतो. लहान भागाच्या आरएनएत 1492 आणि 1493 क्रमांकाची दोन अक्षरं आहेत. नक्कल आणि चिठ्ठी एकमेकींना जुळली की ही दोन अक्षरं आपल्या जागेवरून बाहेर वळतात आणि जुळलेल्या जोडीची खाच चाचपतात. अक्षर कुठलं आहे ते त्यांना कळत नाही. जोडीचा आकार बरोबर आहे का, एवढंच ती बघतात. पहिल्या दोन अक्षरांना काटेकोर, तिसऱ्याला जरा ढील. तिसऱ्या अक्षरात थोडं इकडंतिकडं झालं तरी बहुधा तोच मणी येतो, हे आधी माहीत होतं. ते का चालतं, ते या रुमालाखालच्या बोटांनी सांगितलं.

आता औषधांचं. माझ्या थोरल्या काकांना टीबी झाला होता आणि त्यांना स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घ्यावी लागली. काका वाचले. 1943 मध्ये सापडलेल्या या औषधानं कितीतरी माणसं अशी वाचवली. ते करतं काय, तर जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागात जाऊन बसतं आणि चिठ्ठी तपासणाऱ्याला बेफिकीर करतं. चुकीच्या चिठ्ठ्या पास होतात, माळा बिघडतात, जिवाणू मरतो. ते नेमकं कुठल्या कोपऱ्यात बसतं, ते रामकृष्णन यांच्या गटानं 2000 सालीच छापलं. टायफॉइडला पूर्वी देत ते क्लोरोमायसेटिन मोठ्या भागात, मणी जोडायच्या जागी बसतं. घसा बसला की डॉक्टर लिहून देतात ते अझिथ्रोमायसिन आणखी वेगळं. तयार माळ मोठ्या भागातल्या एका बोगद्यातून बाहेर पडते, हे औषध तो बोगदा अडवतं. ऊस मिलकडं नेणाऱ्या गव्हाणीत मोळी आडवी अडकली की मागची सगळी मिल थांबते, तसं.

आपली रायबोसोम जिवाणूंपेक्षा थोडी वेगळी असतात, म्हणून आपण वाचतो. पण आपल्या पेशींत ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया मूळच्या जिवाणूंपासून आलेली, त्यांची स्वतःची रायबोसोम असतात आणि ती जिवाणूंच्या वळणाची असतात. स्ट्रेप्टोमायसिननं काहींची ऐकण्याची शक्ती जाते, त्याच्या कारणांत याचाही हात आहे. काकांना पुढं डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. ते म्हातारपणानं की इंजेक्शनांनी, हे आता कोण सांगणार. आम्ही पोरं त्यांच्या डाव्या बाजूला बसून खुशाल कुजबुजायचो.

पुस्तकाबद्दल एक सांगायला हवं. शर्यतीत पळालेल्यानं लिहिलेली ही शर्यतीची हकिकत आहे. घरच्या वाटणीची गोष्ट थोरल्यानं सांगितली तर एक, धाकट्यानं सांगितली तर दुसरी. रामकृष्णन प्रामाणिक आहेत. आपल्याला हेवा वाटला, भीती वाटली, बक्षिसाची आस लागली, हे ते लपवत नाहीत, आणि मला ती पानं सगळ्यात जिवंत वाटली. योनाथ यांच्याबद्दल लिहिताना त्यांचा हात कधी आदरानं जड होतो, कधी चिडीनं. त्या बाईंनी स्वतः हेच पुस्तक लिहिलं असतं तर 1980 ते 1991 ही वर्षं अर्ध्याहून अधिक पानांत असती, असं मला राहून राहून वाटलं. तशीच नोलर यांची गोष्ट. एका विषयाचं नोबेल तिघांहून जास्त जणांना देत नाहीत. योनाथ, स्टाइट्झ आणि रामकृष्णन. नोलर चौथे.

नोबेलचा फोन आला त्या सकाळी रामकृष्णन यांची सायकल पंक्चर झाली होती आणि प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला होता. मित्र चेष्टा करतायत असं समजून त्यांनी फोनवरच्या माणसाला, तुमचे स्वीडिश उच्चार छान जमलेत, अशी दाद दिली. भाची यावर इतकी हसली की तिच्या आईला वाटलं, आम्ही अभ्यास सोडून मोबाईल बघतोय.

गेल्या रविवारी तात्या आले होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण कारखान्याचा विषय निघाला की बसल्या जागी सरसावतात. त्यांना मी दाण्याची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, “पयला दाना कुनाचा पडला?” मी म्हटलं, “बाईंचा.” त्यांनी मान हलवली, जणू नोबेलचा निकाल तिथंच लागला.

मग मी त्यांना पुढचं सांगितलं. आता रेणू पातळ बर्फाच्या थरात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं त्यांचे लाखो फोटो काढतात आणि संगणकावर एकत्र करून अणूंपर्यंतचं चित्र मिळवतात. 2017 चं नोबेल त्या पद्धतीला मिळालं. रामकृष्णन यांनी स्वतःही पुढचं काम याच पद्धतीनं केलं. हरवलेल्या फेजची कटकट नाही, जड अणू नाहीत. “म्हणजे तात्या,” मी म्हटलं, “आता दाणा लागतच नाही.”

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“मग ती मानसं,” ते म्हणाले, “रातपाळीला करत्यात काय?”